समुद्रावर माग राहतो, तो बघायची इच्छा पाहिजे

परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर आत घुसले की आपल्याकडे ठरलेलं उत्तर मिळतं. "एवढा ७२० किलोमीटरचा किनारा, कुठे कुठे बघणार?" गस्तीनौका कमी, डिझेल कमी, माणसं कमी. हे सगळं खरं आहे. पण बघायला डोळाच नाही, हे मात्र मला पटत नाही.

युरोपचा सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह २०१४ पासून फिरतोय. त्याची चित्रं फुकट आहेत, कुणीही मोबाईलवर उघडावीत. मी अधूनमधून मालवण-देवगडसमोरची उघडून बघतो. रडारला ढग आडवे येत नाहीत, अंधारही नाही. म्हणजे जून-जुलैच्या बंदीतसुद्धा समुद्र दिसतो, जेव्हा साधा कॅमेरा फक्त ढग दाखवतो.

चित्रात जहाज म्हणजे पांढरा ठिपका. पण खरी गंमत त्याच्या मागच्या रेघेत आहे. रडार तिरकं बघतं. वाऱ्याने उठलेल्या बारीक लहरींवरून त्याची लाट परत येते, म्हणून खवळलेलं पाणी उजळ दिसतं आणि गुळगुळीत पाणी काळं. जहाज गेलं की पंख्याने घुसळलेल्या पट्ट्यात त्या बारीक लहरी मरतात. तिथे काळी रेघ उमटते, मोठ्या जहाजामागे तर कित्येक किलोमीटर लांब. कधी दोन्ही बाजूंना इंग्रजी व्हीसारख्या उजळ रेषाही दिसतात.

आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ठिपका त्या रेघेच्या टोकावर नसतोच! काही शे मीटर बाजूला सरकलेला असतो, जशी गाडी रूळ सोडून शेजारच्या मळ्यात उभी. उपग्रह आपल्या वाटेवरची वस्तूची जागा लहरीच्या वारंवारतेतल्या फरकावरून ठरवतो. जहाज स्वतःच उपग्रहाच्या दिशेने किंवा उलट चाललं असेल तर तो हिशेब चुकतो. पण ही चूकच कामाची. ठिपका रेघेपासून किती सरकला, त्यावरून जहाजाचा वेग काढता येतो. ट्रान्सपॉन्डर बंद करून आलेल्यालाही हा माग पुसता येत नाही.

आता कुणी लगेच "उपग्रह सगळं पकडतो" असं भाषण ठोकू नये. लाकडी, फायबरच्या छोट्या बोटी रडारला नीट दिसत नाहीत. जाळं ओढणारा ट्रॉलर हळू चालतो, त्याचा माग फिका. वारा अगदी पडला किंवा फार सुटला तरी रेघ हरवते. आणि सेंटिनेल आपल्यावरून जातो साधारण सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, तेही रोज नाही. २०२५ च्या जुलैत सोडलेल्या आपल्या निसारचं वेळापत्रकही तसंच. रात्री दोनला एलईडी लावून बसलेला त्यात सापडणार नाही. पहाटे वेगाने परत पळणारा मात्र सापडू शकतो.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. मत्स्य विभागाने प्रत्येक फेरीनंतर १२ सागरी मैलांच्या आत किती ठिपके दिसले आणि त्यातल्या कितींचा ट्रान्सपॉन्डरशी मेळ लागला, एवढे दोन आकडे जाहीर करावेत. बोटीचं नाव नको, जागा नको. देशात १ लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवायची योजना आहे. मेळ घालायला दुसरी बाजू तयार होतेच आहे. महिन्याभरात कळेल घुसखोरी कुठल्या पट्ट्यात जास्त, आणि आहे ती गस्तीनौका पहाटे कुठे उभी करायची.

"सुरक्षेचा प्रश्न आहे" हे उत्तर येईलच. अहो, जी चित्रं जगात कुणालाही फुकट मिळतात ती आपल्याच रापणकरापासून लपवून कुणाची सुरक्षा होते?

एक भीती मात्र मला रास्त वाटते. उद्या एखादा अधिकारी चित्रातला ठिपका दाखवून गरीब न्हयवाल्याला दंड ठोकेल. ते होता कामा नये. ठिपका हा पुरावा नव्हे. तो बघून समुद्रात जायचं, बोट थांबवायची, परवाना आणि जाळं तपासायचं, पंचनामा करायचा. ते काम माणसानेच करायचं आहे, आणि त्यासाठीच्या गस्तीनौकांचा प्रश्न आमदार-खासदारांना विचारायचा राहिलाच आहे. पुढच्या बैठकीला जाणाऱ्यांनी हे दोन आकडे लेखी मागा. अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी खाली कळवा, मी लिहून देतो.