रस्त्यात सौर पॅनेल बसवून शेतजमीन वाचेल का?



सौर प्रकल्पासाठी गावाजवळची जमीन देण्याचा विषय निघाला की बैठकीत एक प्रश्न हमखास येतो : "जमीन कशाला अडवता? एवढे रस्ते दिवसभर उन्हात तापतात, त्यांच्यातच पॅनेल बसवा." काचेच्या चकचकीत रस्त्यांचे व्हिडिओ मोबाईलवर फिरत असतात, त्यामुळे असे वाटणे साहजिक आहे. या प्रश्नामागे जमिनीची काळजी आहे, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. हा प्रयोग काही देशांत झालेला आहे. त्याचा हिशेब पाहू.

फ्रान्समधील अनुभव

फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात, तूरुव्र या गावाजवळ डिसेंबर २०१६ मध्ये १ किलोमीटर लांबीचा सौर रस्ता सुरू झाला. पॅनेलचे क्षेत्र २,८०० चौरस मीटर, क्षमता सुमारे ४२० किलोवॉट आणि खर्च ५० लाख युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ३५ कोटी रुपये. वर्षाला सुमारे २ लाख ८० हजार युनिट वीज मिळेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात २०१७ मध्ये सुमारे दीड लाख युनिट मिळाली. २०१८ मध्ये ती ७८ हजारांच्या आसपास आली. त्याच वर्षी मे महिन्यात सुमारे ९० मीटरचा खराब झालेला भाग उखडून टाकावा लागला.

कारणे आपल्या ओळखीची आहेत. शेतीच्या ट्रॅक्टरांच्या भाराने पॅनेलचे सांधे सुटले, वरचे आवरण निघू लागले. झाडांची पाने पडून कुजली. चाकांचा आवाज इतका वाढला, की वाहनांचा वेग ताशी ७० किलोमीटरपर्यंत मर्यादित करावा लागला.

चीनमध्ये जिनान शहराजवळ डिसेंबर २०१७ मध्ये असाच १ किलोमीटरचा पट्टा सुरू झाला. काही दिवसांतच त्यातील पॅनेलचा एक तुकडा चोरीला गेला.

वीज कमी का मिळते?

१) कल नसतो : आपल्याकडे पॅनेल दक्षिणेकडे कलते बसवतात. रस्ता सपाट असतो. महाराष्ट्रात सपाट पॅनेलमुळे होणारे नुकसान फार मोठे नाही. पण सपाट पृष्ठभागावर धूळ आणि चिखल साचून राहतो, पावसाने नीट धुतला जात नाही.

२) जाड आवरण : चाकांचा भार सोसायला पॅनेलवर जाड आणि वाहन घसरू नये म्हणून खरबरीत थर द्यावा लागतो. या थरात काही प्रकाश अडतो. थर पातळ केला तर पॅनेल फुटते, जाड केला तर वीज घटते.

३) उष्णता : पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. ६५ अंशांना ही घट १६ टक्क्यांपर्यंत जाते. शेतातल्या पॅनेलखालून वारा खेळतो. रस्त्यातल्या पॅनेलला ती सोय नाही.

४) सावली : पॅनेलमधील सेल एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलवर सावली आली तरी त्याच्या गटाची वीज अडते. रस्त्यावर वाहने, झाडे आणि चिखलाचे डाग ही सावली रोजचीच.

५) दुरुस्ती : शेतातले पॅनेल बिघडले तर एक माणूस पाना घेऊन ते बदलतो. रस्त्यातले बदलायचे तर वाहतूक बंद ठेवावी लागते. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी डांबरी रस्त्याचे काय होते, हे तुम्ही दरवर्षी पाहता.

जमीन किती वाचेल?

गावरस्त्याचा डांबरी पट्टा साधारण ३.७५ मीटर रुंद असतो. १ किलोमीटरचे क्षेत्र होते ३,७५० चौरस मीटर, म्हणजे एक एकरापेक्षाही थोडे कमी. नॉर्मंडीच्या प्रमाणाने त्यात सुमारे ५६० किलोवॉट क्षमता बसेल. त्या रस्त्याने सर्वात चांगल्या वर्षातही एका किलोवॉटमागे ३६० युनिटच्या आत वीज दिली. तिथेच मोकळ्या जागेतले कलते पॅनेल हजाराच्या आसपास देते. म्हणजे रस्त्यावर उत्पादन जवळपास एक तृतीयांश.

आता ५ मेगावॉटचा प्रकल्प घ्या. त्याला २० ते २५ एकर जमीन लागते. तेवढीच वीज रस्त्यातून काढायची तर २५ किलोमीटरहून जास्त रस्ता पॅनेलने मढवावा लागेल. एका किलोमीटरमागे वाचणारी जमीन एक एकरही नाही, आणि खर्च कोट्यवधींचा. आपल्याकडे जमिनीवरचा सौर प्रकल्प मेगावॉटला साधारण ४ ते ५ कोटी रुपयांत उभा राहतो.

मग पॅनेल कुठे बसवावेत?

जमीन वाचवायचीच असेल, तर चाक फिरत नाही अशी जागा शोधावी.

- गोठा, गोदाम, पॅकहाउस, शाळा आणि ग्रामपंचायतीचे छप्पर.
- कालव्यावर : गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील चंद्रासन येथे २०१२ मध्ये ७५० मीटर कालव्यावर १ मेगावॉटचा प्रकल्प झाला. ढाच्याचा खर्च वाढतो. पण जमीन लागत नाही आणि बाष्पीभवन घटते.
- उपकेंद्राजवळची मुरमाड, पड जमीन : मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये भाडेपट्टा वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा ठरलेला आहे.

काळी, ओलिताची, दोन पिके देणारी जमीन मात्र या कामाला देऊ नका. करार दीर्घ मुदतीचा असतो. तेवढ्या काळात घरातली पुढची पिढी शेतीवर आलेली असते. गायरानाचा विषय असेल तर गावातली जनावरे चरायला कुठे जातील, हे आधी ग्रामसभेत ठरवा. दिवसा वीज सर्वांनाच हवी आहे. पण तिच्यासाठी कोणती जमीन जाते, हे विचारण्याचा तुमचा हक्क आहे.

तुमच्या सौर पंपासाठी

रस्त्यावर पॅनेल ज्या कारणांनी फसले, ती तुमच्या शेतातही लागू आहेत. कृषी सहायकांनी शेतभेटीत ही तपासणी जरूर करून घ्यावी.

- सकाळी ९ आणि दुपारी ४ वाजता पॅनेलवर बांधावरच्या झाडाची किंवा खांबाची सावली पडते का, ते पाहा. असल्यास फांद्या छाटा.
- पॅनेल १५ दिवसांतून एकदा, कोरड्या हंगामात आठवड्याला, सकाळी थंड असताना साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा.
- पॅनेलखाली कडबा, पाइप किंवा पोती रचू नका. वारा खेळता राहू द्या.
- चारा कापताना किंवा ट्रॅक्टर वळवताना ढाच्याला धक्का लागणार नाही, एवढे अंतर ठेवा.

पुढच्या बैठकीत रस्त्याचा प्रश्न कोणी विचारला, तर २५ किलोमीटरचा हा हिशेब मांडा. मग छप्पर, कालवा आणि मुरमाड जमीन यांची यादी करायला घ्या. गावाची जमीन त्या यादीनेच वाचेल.