ज्याला कोणी अडवत नाही तो नियम कसला?

मंडळी, आज जरा भांडणार आहे. घरातल्या आयटीवाल्यांना (तीन भाचे, एक सून) आधीच सांगून ठेवते, विषय जावाचा आहे. निवृत्तीनंतर हौसेनं शिकले आणि आता कॉलेजातल्या मुलांना घरी शिकवते. तेव्हा "मावशी, ते तुला नाही कळायचं" हे उत्तर चालणार नाही :)

माझं म्हणणं एवढंच की टीमनं ठरवलेला नियम मोडला तर प्रोग्रॅम कंपाइलच होता कामा नये. तपासणी कंपायलरच्या आत बसवा. नियम वहीत आणि तपासणी रात्रीच्या अहवालात, हा शुद्ध देखावा आहे.

उदाहरण पैशाचं घेते. जावात "डबल" प्रकारात ०.१ आणि ०.२ मिळवले की उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. म्हणून व्याजाच्या हिशेबाला "बिगडेसिमल" वापरायचं, हे कुठलाही अनुभवी माणूस सांगेल. पण कुणी घाईत डबल वापरला तर कंपायलर ब्र काढत नाही. का काढेल? "दगडाने भाकरी खाल्ली" हे वाक्य व्याकरणानं शुद्धच आहे. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी! कंपायलर व्याकरण बघतो. दगड भाकरी खात नाही, हे त्याला आपण सांगावं लागतं.

आणि सांगायची सोय आहे हो! आपण शाळेत वाक्यपृथक्करण करायचो, तेच कंपायलर करतो. प्रोग्रॅम फोडून त्याचं झाड बनवतो. जावा ६ मध्ये (२००६) अ‍ॅनोटेशन प्रोसेसरची प्रमाणित सोय आली. पण तिला क्लास, मेथड यांची नावगावं दिसतात, मेथडच्या पोटातलं दिसत नाही. जावा ८ पासून (२०१४) कंपायलरला प्लगइन जोडता येतं. कुठली गोष्ट कुठल्या प्रकारची हे कंपायलरनं ठरवलं, की आपलं प्लगइन त्या झाडावरून फिरतं. हिशेबाच्या पॅकेजात डबल दिसला, की नेमक्या ओळीवर बोट ठेवून चूक दाखवतं आणि काम तिथंच थांबतं. वही त्याच दिवशी तपासून परत दिली तर मूल सुधारतं. एप्रिलमध्ये दिलेल्या लाल शाईचा उपयोग शून्य.

यावर थोरल्या भाच्याचा आक्षेप असा: "जावा साऱ्या जगाची, नियम तुमच्या घरचे. कंपायलरमध्ये कशाला घुसवता?" अरे, भाषा बदलतंय कोण? आपण नवीन काही स्वीकारत नाही, फक्त काही गोष्टी नाकारतो. आपल्या चाळणीतून उतरलेला प्रोग्रॅम जगातला कुठलाही जावा कंपायलर घेईलच.

दुसरा म्हणतो, अहवाल असतो की! मग हे वाचा. गूगलमध्ये मे २००९ मध्ये फाइंडबग्ज या साधनानं काढलेल्या इशाऱ्यांसाठी खास आठवडा पाळला. एकूण इशारे ९,४७३. शेकडो इंजिनियरांनी मिळून तपासले ३,९५४. प्रत्यक्षात दुरुस्त झाले ६४०! पुढे त्यांनी एरर प्रोन हे साधन थेट कंपायलरला जोडलं आणि तिथं नुसते इशारे द्यायचे नाहीत असं ठरवलं. कंपायलरमध्ये दिसेल ती चूकच, आणि ती काम थांबवणार. इतके हुशार लोक अहवाल बाजूला ठेवतात, तर तुमची टीम काय वेगळी आहे?

तिसरा आक्षेप मात्र मी मानते. खोटी हाकाटी झाली तर लोक वैतागून प्लगइनच काढून टाकतील. म्हणून कंपायलरमध्ये तोच नियम घाला, जो वाचताक्षणी समजतो, ज्याची दुरुस्ती सोपी आहे आणि ज्यात संशयाला जागा नाही. "हिशेबाच्या पॅकेजात डबल नको" हा असा नियम. "मेथड फार लांब आहे" हे मत झालं, ते अहवालात जाऊ द्या. निबंध नीरस आहे म्हणून मी कधी कुणाला नापास केलं नाही.

सुनेचा मुद्दा देखभालीचा. जावा १६ नं (२०२१) कंपायलरच्या आतल्या खोल्यांना कुलपं लावली, म्हणून एरर प्रोनलासुद्धा आता जास्तीचे पर्याय देऊन दार उघडून घ्यावं लागतं. खरं आहे. पण साध्या घरगुती नियमाला आतल्या खोलीत जायची गरजच नाही. झाड बघण्याची उघडी सोय त्याला पुरते. उलट जावा २३ (२०२४) बघा. नुसते क्लासपाथवर पडलेले प्रोसेसर आता आपोआप चालत नाहीत, स्पष्ट सांगावं लागतं. ज्यांनी "आपोआप चालेल" म्हणून सोडून दिलं, त्यांचा पहारेकरी जागेवरून उठून गेलेला असू शकतो! म्हणून सांगते, मुद्दाम चुकीचा एक नमुना ठेवा आणि तो अडतो का, हे दर वेळी बघा.

एवढी कटकट कशाला, असं विचाराल. हा प्रोग्रॅम उद्या कुठल्या तरी पतपेढीत चालणार आहे. तिथं पेन्शन ठेवणाऱ्या बाईला डबल आणि बिगडेसिमल कळत नाही. तिनं ते समजून घ्यावं, अशी अपेक्षाही नाही. तिच्या पासबुकात पैसा इकडचा तिकडे होऊ नये ही जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे, आणि "आमच्या नियमावलीत होतं" हे तिला द्यायचं उत्तर नव्हे.

असो. पुढच्या वेळी घरी याल तेव्हा आपापल्या टीमची नियमावली घेऊन या. प्रत्येक नियमापुढे लिहू, हा मोडला तर कोण अडवतं? जिथं "कोणी नाही" येईल, तो नियम कंपायलरमध्ये घाला, नाहीतर सरळ खोडून टाका. खोडायला लाल पेन मी देते.