भविष्यवाणी आणि पंचांग

युगान्ताविषयीची ख्रिस्ती भविष्यवाणी पूर्ण झाली की अद्याप व्हावयाची आहे, हा वाद वरकरणी धर्मशास्त्राचा. मुळात तो वाचनाचा आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात येशू यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस भाकीत करतो आणि हे सारे याच पिढीच्या हयातीत घडेल असे बजावतो. इ. स. ७० मध्ये टायटसच्या रोमन सैन्याच्या हातून ते मंदिर भस्मसात झाले. 'पिढी' हा शब्द समोरच्या श्रोत्यांना उद्देशून आहे, हे मान्य करावयास विद्वत्ता लागत नाही. नाकारावयास मात्र पुष्कळ लागते.

ती विद्वत्ता भविष्यवाद्यांनी खर्ची घातली. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस मुक्रर केला. तो नेहमीसारखाच मावळला. १९७० साली हॅल लिंडसे यांनी पिढीची चाळीस वर्षे १९४८च्या इस्रायल-स्थापनेपासून मोजली, १९८८ही उलटले. गंमत अशी की, चाळीस वर्षांचा हाच हिशेब येशूच्या काळापासून मांडला तर तो थेट मंदिराच्या विध्वंसापाशी पोहोचतो. परंतु ज्याला धर्मग्रंथाचे पंचांग करावयाचे आहे, त्याला होऊन गेलेली तिथी काय कामाची?

तथापि पूर्तिवाद्यांनी विजयोत्सव करण्याचे कारण नाही. जेम्स स्टुअर्ट रसेल यांनी १८७८ साली पुनरागमनासह जवळजवळ सारेच इ. स. ७० मध्ये कोंबले. त्यासाठी 'प्रकटीकरण' हा ग्रंथ विध्वंसापूर्वीचा ठरवावा लागतो. इरेनियस तर तो डोमिशियनच्या राजवटीच्या अखेरीस ठेवतो. शिवाय त्याच १३ व्या अध्यायात, पिढीच्या उल्लेखापाठोपाठ, 'तो दिवस' पुत्रालाही ठाऊक नसल्याचे सांगितले आहे. मंदिराला मुदत आहे, त्या दिवसाला नाही. हा भेद संहितेनेच केला आहे. तो पुसून टाकणारा वाचक, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, संहितेशी प्रतारणा करतो.

याहून गंभीर दोष नैतिक आहे. चौथ्या शतकात युसेबियसने यरुशलेमचा नाश म्हणजे ख्रिस्तहत्येबद्दल ज्यूंना मिळालेले दैवी शासन, असा अर्थ लावला. लूकच्या शुभवर्तमानातील येशू मात्र त्या नगराकडे पाहून रडतो. ज्या भाकिताचा वक्ता अश्रू ढाळतो, त्याच्या पूर्ततेचा पुरावा म्हणून इतरांची प्रेते मोजणे हा अर्थनिर्णय नव्हे, क्रौर्य आहे. आणि शतकानुशतके त्याची किंमत ज्यूंनी मोजली.

भविष्यवाणी श्रोत्याला जागे राहावयास सांगते. एकाने त्या जागरणाचे गणित केले, दुसऱ्याने निकालपत्र. दोघेही निश्चिंत झाले. आणि तो अध्याय तर निश्चिंतांसाठीच इशारा आहे.