सहीपुरता विश्वस्त

बोईसरच्या आमच्या अंधांसाठीच्या संस्थेत मी विश्वस्त आहे. मला स्वतःलाही दिसत नाही. बैठकीत इतिवृत्ताची वही पुढे सरकते, शेजारचा माझं बोट रेघेवर टेकवतो, ‘इथे सही करा, काका.’ वर काय लिहिलंय ते नंतर चहाबरोबर कळतं. परवा कुणीतरी मार्गदर्शक कुत्र्यांची टूम काढली. अमेरिकेत १९२९पासून ‘द सीइंग आय’ ही संस्था असे कुत्रे देते, खरंय. पण तारापूर एमआयडीसीच्या नाक्यावरची भटक्या कुत्र्यांची टोळी अशा कुत्र्याला चालू देईल? मला आधी अजेंडा हवा, चार दिवस अगोदर, मोबाइल वाचून दाखवेल असा. हिशेबात घोळ निघाला, तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली जाब मलाही द्यावा लागेल. पुढच्या वेळी ठराव वाचून दाखवेपर्यंत पेनाचं टोपण काढणार नाही.