आठवडाभर रेशनवर जेवून बघा

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश रेशन घरी आठवडाभर पाळून बघायचं असेल, तर पाककृती शोधण्याआधी वजनकाटा काढा. सोमवारी सकाळीच माणशी मोजून घ्या: साखर २२७ ग्रॅम, चहापत्ती ५७, लोणी ५७, चीज ५७, मार्गारीन ११३, दूध सुमारे १.७ लिटर आणि अंडं एक. ही मापं युद्धकाळात वर-खाली होत, पण साधारण हिशेब हाच. सगळं वेगळ्या डब्यांत भरा आणि नेहमीचे डबे फळीवर वर ठेवून द्या. समोर असले की हात जातोच. मांसाहार करत नसाल तरी बिचकू नका. तिथल्या शाकाहारी लोकांना मांसाचा वाटा सोडला की जादा चीज मिळत असे.

पहिला चटका चहाला बसतो, पण पत्तीमुळे नाही. पत्ती दिवसाला आठ ग्रॅम येते, चार कप आरामात होतात. साखर मात्र दिवसाला सात-आठ चमचेच. कपाला दोन चमचे घालणाऱ्यांची ती चहातच संपते आणि शिऱ्याचं नावही काढता येत नाही. तेव्हा चहातली साखर पहिल्याच दिवशी निम्मी करा, गुरुवारची वाट बघू नका.

उपाशी कोणी राहत नाही. बटाटे आणि भाज्यांवर रेशन नव्हतं. पावावरही युद्ध चालू असताना नव्हतं. ते आलं १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर. १९४२ पासून मिळणाऱ्या कोंडायुक्त, करड्या पावाला तिथे लोक नाकं मुरडत. कणकेच्या पोळ्या खाणाऱ्यांना त्याचं काही वाटू नये.

एक दिवस ‘वूल्टन पाय’ करा. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाचा हा पदार्थ लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने बसवला होता. बटाटा, फ्लॉवर, गाजर आणि स्वीड नावाचा कंद (नवलकोल चालेल) सारख्या वजनाने घेऊन फोडी करा. जेमतेम पाणी आणि चमचाभर ओट्स घालून दहा मिनिटं शिजवा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन ओव्हनमध्ये तांबूस भाजा. मोहरी-हिंगाची फोडणी दिलीत तर चव येईल, पण मग ती आपली भाजीच. एकदा तरी नुसत्या मीठ-मिऱ्यावर खा. अळणी वाटेल, वाटू द्या.

कांदाही जपून. ब्रिटनला तो मुख्यतः फ्रान्समधल्या ब्रिटनीतून आणि चॅनेल बेटांवरून येई. १९४० मध्ये ते भाग जर्मनांच्या हाती गेले आणि कांदा इतका दुर्मीळ झाला की सोडतीत बक्षीस म्हणून ठेवला जाई. चातुर्मास पाळणारी घरं इथे बाजी मारतील.

केंब्रिजमध्ये एल्सी विडोसन आणि रॉबर्ट मॅकॅन्स या आहारशास्त्रज्ञांनी याहून कडक शिधा स्वतःवर करून पाहिला, वर डोंगरही चढले. तब्येती ठणठणीत राहिल्या. त्रास झाला तो वायूचा. पाव-बटाट्यांचा मारा झाला की तो होणारच, तेव्हा जेवायला सावकाश बसा.

हा खेळ ‘जुनं ते सोनं’ म्हणून मात्र खेळू नका. मुंबईत रेशनिंग १९४३ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. मोजका का होईना, आपला वाटा दुकानात ठरल्या भावाने मिळेल, हा भरवसा ब्रिटनमधल्या गृहिणीला होता. बंगालच्या खेड्यातल्या बाईला तो नव्हता.

लहान मुलं, गरोदर बायका आणि मधुमेही यांना या प्रयोगातून वगळा. मुलांना आणि गरोदर बायकांना तर तिथेही जास्तीचं दूध मिळे. बाकीच्यांनी आपलं एकुलतं अंडं कोणत्या वारी फोडायचं, ते रविवारीच ठरवून ठेवावं.