सीतेची वेणी

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आजोळच्या परड्यातला आंबा पाडावा लागला. खोड आतून पोकळ झालं होतं आणि झाड घराकडे कललं होतं. तोडणाऱ्या काकांनी फांदीवरून जाड पानांचे दोन झुबके खरवडून बाजूला टाकले. "बांडगूळ आहे," म्हणाले. आजी ओसरीवरून ओरडली, "बांडगूळ नव्हे रे, सीतेची वेणी ती!"

आजीचंच बरोबर. बांडगूळ फांदीत घुसून झाडाचा रस ओढतं. सीतेची वेणी हे ऑर्किड नुसतं सालीवर बसतं, झाडाचं काही घेत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा गजरा लोंबतो. आसामात याचंच नाव कोपौ फूल. तिथल्या मुली बिहूला ते केसांत माळतात, म्हणजे वेणी तिथेही आहेच!

दोन्ही झुबके मी बेळगावला आणले. पहिल्याचे फार लाड केले. फळीवर काथ्याची जाड गादी, त्यावर ओलं शेवाळ, त्यात मुळं गाडून टाकली आणि रोज दोनदा पाणी. जुलैत मुळं काळी पडली, ऑगस्टात शेंडा हातात आला. या झाडाला वाढीचा शेंडा एकच. तो कुजला की बहुतेक वेळा सगळं संपतं. आजीला ते मी दिवाळीपर्यंत सांगितलं नाही.

दुसरा झुबका त्याच आंब्याच्या फांदीच्या सालीसकट तुकड्यावर बांधला. पोकळ, मेलेली मुळं कापली, रुपेरी टणक मुळं उघडीच ठेवली आणि जुन्या नायलॉन मोज्याच्या पट्ट्यांनी झुबका घट्ट आवळला. तो हलत राहिला तर नवी मुळं साल धरत नाहीत. तांब्याची तार मात्र वापरू नका, ऑर्किडला तांबं बाधतं. पानांच्या बेचक्यात पाणी साचू नये म्हणून शेंडा बाजूला कलता ठेवला आणि तुकडा पूर्वेच्या व्हरांड्यात टांगला.

पाणी कधी द्यायचं ते मुळंच सांगतात. ओली असली की हिरवी, वाळली की रुपेरी. उन्हाळ्यात सकाळी दहा मिनिटं बादलीत बुडवते, पावसाळ्यात वळचणीच्या आत घेते.

हे वाचून कोणी चोर्ल्याच्या जंगलातून ऑर्किड उपटून आणू नका. रोपवाटिकेत वाढवलेली रोपं मिळतात.

नव्या मुळांनी साल धरली तेव्हा पट्ट्या सोडल्या. यंदा वीतभर गजरा आला. व्हिडिओ कॉलवर दाखवला तर आजी म्हणाली, "मोबाईल हलवू नको गं, मोजू दे फुलं."

आंब्याचं लाकूड फार टिकत नाही. सागाचा तुकडा घेतला असता तर बरं झालं असतं, पण आंबा आजीचा होता. हा कुजायला लागला की झाड न सोडवता अख्खा तुकडाच नव्यावर बांधायचा. त्याच फांदीचे आणखी दोन तुकडे माळ्यावर वाळत ठेवलेत.