ओढ्याकाठची जळालेली गिरणी

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराच्या पश्चिमेस, स्वीटवॉटर क्रीक नावाचे एक वनोद्यान आहे. ‘क्रीक’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर खाडी उभी राहते. परंतु हा खडकांतून खळाळत धावणारा गोड्या पाण्याचा मोठा ओढा आहे. त्याच्या काठाने जंगलातून एक पाऊलवाट जाते. वाट चुकू नये म्हणून झाडांच्या बुंध्यांवर लाल रंगाच्या खुणा केलेल्या आहेत. एका बाजूस पाण्याचा नाद, दुसऱ्या बाजूस ओक आणि हिकरीची दाट झाडी. मधूनच वाटेलगत एक लांब चर दिसतो. एखाद्या गिरणीच्या पाणचक्कीकडे पाणी नेणारा पाट असावा, हे जाणकाराच्या लगेच ध्यानात येते.

सुमारे एक किलोमीटर चालल्यावर ती गिरणी समोर येते. छप्पर नाही, मजले नाहीत. विटांच्या उंच भिंती आणि त्यांतील खिडक्यांची रिकामी भोके एवढेच उरले आहे. भोवती कुंपण आहे. सहलीस आलेली कुटुंबे तेथे क्षणभर थांबतात, छायाचित्रे घेतात आणि पुढे धबधब्याकडे निघून जातात.

ही कापसाची गिरणी १८४९ साली सुरू झाली. पाच मजल्यांची ती इमारत त्या प्रदेशात नवलाचा विषय होती. पुढे कंपनीने आणि भोवतालच्या वस्तीने ‘न्यू मँचेस्टर’ हे नाव धारण केले. इंग्लंडमधील मँचेस्टर म्हणजे वस्त्रोद्योगाची राजधानी. तिची बरोबरी करण्याची उमेद त्या नावात होती. येथे सूत आणि जाडेभरडे कापड तयार होई. ज्या कापसावर हा उद्योग उभा होता, तो दक्षिणेच्या मळ्यांत प्रामुख्याने गुलामांच्या श्रमातून पिकत असे.

१८६१ साली त्याच गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गिरणी दक्षिणेच्या सैन्यासाठी कापड पुरवू लागली. जुलै १८६४ मध्ये उत्तरेचे सैन्य अटलांटाच्या दिशेने सरकत असता त्याचे घोडदळ या ओढ्याकाठी पोहोचले आणि ९ जुलै रोजी गिरणीस आग लावण्यात आली. ईशान्येकडील रॉसवेल गावच्या गिरण्याही त्याच आठवड्यात भस्मसात झाल्या.

पुरुष बहुतेक युद्धावर गेलेले. गिरण्यांत उरल्या होत्या त्या मुख्यतः स्त्रिया आणि मुले. शत्रुसैन्यासाठी कापड विणले म्हणून त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. जनरल शेरमन यांच्या आज्ञेने त्यांना मॅरिएटा येथे नेऊन आगगाडीने शेकडो मैल दूर उत्तरेकडे पाठवण्यात आले. काहींना ओहायो नदीपलीकडे इंडियाना राज्यात नेऊन सोडले. हाती कसब होते ते मागावरचे, आणि माग तर जळून गेला होता. अनेक जणी परत आल्याच नाहीत. न्यू मँचेस्टर पुन्हा उभे राहिले नाही; घरांच्या जागी जंगल वाढले.

या कथेचे दुसरे टोक मुंबईत आहे. युद्धापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून येई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवताच तो ओघ आटला आणि खऱ्या मँचेस्टरने भारताकडे हात पसरले. खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. गाद्या-उशांतील कापूसही उसवून गाठींत भरला गेला, असे सांगतात. मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या बँका, नव्या कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. त्या तेजीचे अग्रणी होते सुरतेच्या जैन कुळातील प्रेमचंद रायचंद.

१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपत आल्याची लक्षणे स्पष्ट झाली आणि भाव कोसळले. जुलै उजाडेपर्यंत कालचे लक्षाधीश दिवाळखोर ठरले होते. प्रेमचंदांचीही संपत्ती गेली. टिकले ते त्यांनी तेजीच्या काळातच वेगळे काढून दिलेले. १८६४ साली, म्हणजे ती गिरणी जळाली त्याच वर्षी, त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि मागोमाग घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले होते. मातोश्रींच्या नावाचा तो राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि आजही उभा आहे.

मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ती आग लावली नव्हती. त्यांनी माल वेळेवर पोहोचवला, शब्द पाळला. व्यापारधर्मात उणे काढण्याजोगे त्यात काही नाही. परंतु बोटीने येत असे तो लिव्हरपूलचा भाव. त्या भावामागची माणसे येत नसत. पेढीच्या वहीत जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. मुंबईच्या वहीत तेजी जमेस पडली. तिच्या नावे बाजूस रॉसवेल आणि न्यू मँचेस्टरच्या स्त्रियांचा संसार लिहिण्यास कोणतीही वही नव्हती.

आज भाव बोटीने येत नाही. हातातील फोनवर क्षणात उमटतो. एखाद्या देशात युद्ध भडकते, कालवा अडतो, पीक बुडते आणि इकडे गोदामातील माल एका रात्रीत महाग होतो. असा नफा नाकारणे कोणत्याही व्यापाऱ्यास शक्य नाही आणि तशी अपेक्षाही अवाजवी ठरेल. मात्र हा भाव कोणाच्या घरावरून चालत आला, एवढे विचारणे शक्य असते. तो प्रश्न मनात जागा असेल, तर आलेल्या तेजीतून किती स्वतःसाठी ठेवावे आणि किती वेगळे काढावे, याचा निर्णय मंदी येण्याची वाट पाहत नाही.